'साडेदोन' का नाही?
साडेतीन, साडेचार म्हणतो, मग साडेदोन का नाही, असं एकाने विचारलंय. कारण त्यासाठी अडीच हा फार जुना शब्द आधीपासूनच आहे. त्याचं मूळ संस्कृत 'अर्धतृतीय', म्हणजे दोन पुरे आणि तिसरा अर्धा. प्राकृतात 'अड्ढाइज्ज' झालं, मग घासत घासत अडीच. दीडही त्याच घडणीचा, म्हणजे एक पुरा आणि दुसरा अर्धा. जर्मनमध्ये दीडला 'आंडर्टहाल्ब' म्हणतात, तिथेही अर्थ 'दुसरा अर्धा'च! मला याचं फार अप्रूप वाटतं.

आणि साडेतीनलाही असा शब्द होता: औट, 'अर्धचतुर्थ'वरून आलेला. संतवाङ्मयात 'औट हात' म्हणजे साडेतीन हातांचा देह. माझी आजी पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घडाघडा म्हणायची. मेथीची जुडी साडेतीन रुपयांना असली की 'चार औटं चौदा' म्हणत चार जुड्या पिशवीत टाकायची आणि भाजीवाल्याच्या आधी पैसे मोजून हातावर ठेवायची. अडीच राहिला, औट मात्र गेला, याची हळहळ वाटते.

कुणाला औटकी अजून सुरात म्हणता येत असेल तर जशी ऐकलीत तशीच लिहा. मला ती उतरवून ठेवायची आहे.