शब्दचर्चा: ‘याबा यिंग्यू’ला मराठीत काय म्हणावं?

कोपऱ्यातली

मंडळी, दोन शब्द अडलेत.

मी कॅनडात, व्हँकूव्हरच्या शेजारच्या रिचमंडला राहते. गावातली निम्म्याहून जास्त वस्ती चिनी वंशाची. बसच्या रांगेत आधी चिनी कानावर पडतं, मग इंग्रजी. इथल्या एका वाचनालयात दर गुरुवारी संध्याकाळी इंग्रजीचा सराव चालतो, तिथे मी स्वयंसेविका आहे. अर्धा वेळ गप्पा, अर्धा वेळ उतारा वाचून प्रश्नोत्तरं. येणारे दोन प्रकारचे: चीन-तैवानहून नुकतीच आलेली शाळकरी मुलं, आणि नातवंडं सांभाळायला आलेले आजी-आजोबा. मंडळाच्या दिवाळी अंकासाठी त्यावर लेख लिहायला घेतला आणि पहिल्याच पानावर अडले.

एक, ‘रीडिंग कॉम्प्रिहेन्शन’. ‘वाचन-आकलन’ लिहिलं की शिक्षण खात्याचं परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं. आपण शाळेत नुसतं ‘उतारा’ म्हणायचो, पण ते त्या प्रश्नाचं नाव झालं, कौशल्याचं नाही.

दोन, आणि हा जास्त छळतोय. ही मंडळी स्वतःच्या इंग्रजीला ‘याबा यिंग्यू’ म्हणतात. याबा म्हणजे मुका, यिंग्यू म्हणजे इंग्रजी. वाचता येतं, परीक्षेत मार्क पडतात, पण समोर माणूस आला की तोंड उघडत नाही, ते इंग्रजी. मी ‘मुकं इंग्रजी’ लिहिलं. नवरा म्हणाला, ‘इंग्रजीचा मुका घेतेस की काय?’ तेव्हापासून तो शब्द डोळ्यांसमोर धरवत नाही.

अर्धविराम

नवरोबांचा विनोद चांगला असला तरी व्याकरण कच्चं. घ्यायचा तो मुका पुल्लिंगी नाम, ‘मुकं’ हे विशेषण. वाक्यात गोंधळ होणार नाही. माझी हरकत निराळी आहे: माणसाच्या व्यंगावरून भाषेला नाव ठेवणं आता खटकतं. ‘मूक’ म्हणावं तर मूकपट, मूकमोर्चा आठवतात. मोर्चातले लोक ठरवून गप्प असतात, तुमचे आजोबा ठरवून गप्प नाहीत.

‘आकलन’वर मात्र इतका राग नको. जुन्या मराठीत ‘आकळणे’ हे चांगलं धट्टंकट्टं क्रियापद होतं: धरणे, कवेत घेणे, काबूत आणणे. ‘कळणे’ त्याच घरातलं. ते परिपत्रकात नोकरीला लागलं यात त्याचा काय दोष?

आणि ‘कळणे’ची गंमत बघा. ‘मी वाचलं’, पण ‘मला कळलं’. वाचणारा मी, कळण्याच्या वेळी मात्र मी कर्ता उरत नाही. ‘मी कळलो’ म्हटलं तर दुसऱ्या कुणाला तरी माझा अंदाज आला, असा अर्थ होतो. म्हणजे वाचणं आपल्या हातात, कळणं आपल्या हातात नाही, हे भाषेनंच सांगून टाकलंय.

तैपेईकर

वरच्या शेवटच्या परिच्छेदाला चिनीतून पुरवणी.

चिनीत ही फट शब्दाच्या आतच असते. ‘खान’ म्हणजे पाहणं किंवा वाचणं, ‘तुंग’ म्हणजे कळणं. खान-तुंग: वाचलं आणि कळलं. नकार द्यायचा तर ‘पु’ येतो, पण तो पुढेमागे न येता बरोबर मध्ये बसतो. खान-पु-तुंग: वाचतोय, पण कळेना. ऐकण्याचं तेच, थिंग-पु-तुंग. क्रिया झाली, फळ मिळालं नाही, आणि नकार नेमका दोघांच्या मधल्या भेगेत.

(रोमन लिपीतला डी बघून ‘डाँग’ वाचू नका. माओ त्से-तुंगमधला ‘तुंग’ आपली वर्तमानपत्रं बरोबर छापायची. सूर वेगळा, व्यंजन तेच. चिनीत प-फ, त-थ, क-ख हेच भेद आहेत, ब-ड-ग नाहीत. म्हणून चिनी उच्चार रोमनपेक्षा देवनागरीत जास्त नीट लिहिता येतात. माझी ही टिमकी वाजवायची जुनी सवय आहे, सोडून द्या.)

परीक्षेतल्या उताऱ्याला ते ‘युएतू लीच्ये’ म्हणतात, वाचन अधिक आकलन. तो तुमच्या ‘वाचन-आकलना’इतकाच इस्त्रीचा शब्द आहे. घरी कुणी म्हणत नाही. घरी आई विचारते, ‘खान-तुंग ल मा?’ म्हणजे ‘वाचून कळलं का?’ तेव्हा लेखात सरळ ‘वाचून कळणं’ लिहा.

आता एक खरी मेजवानी. पाठांतराला चिनीत ‘पेइ’ म्हणतात. शब्द पेइ करायचे, धडा पेइ करायचा. आणि ‘पेइ’चा पहिला अर्थ काय? पाठ. आपण टेकतो ती पाठ. जुन्या शाळेत मुलगा पुस्तक गुरुजींच्या हाती द्यायचा, त्यांच्याकडे पाठ करून उभा राहायचा आणि घडाघडा म्हणायचा. त्यावरून ‘पेइ’ म्हणजे पाठ म्हणणं.

जुना मास्तर

वा! म्हणजे त्यांनी पाठ फिरवून पाठ म्हटला. आपल्याकडे मात्र हा योगायोग. टेकायची पाठ स्त्रीलिंगी, ‘पृष्ठ’वरून आलेली. म्हणायचा पाठ पुल्लिंगी, ‘पठ्’ धातूतला. दोन वेगळ्या गावांचे पाहुणे एकाच सदऱ्यात आले. त्यांचा शब्द मात्र एकच. चाळीस वर्षं पोरांकडून इंग्रजी पाठ करून घेतलं, पण हे आज कळलं.

पाठांतराला मात्र उगाच झोडपू नका. तालुक्याच्या शाळेत माझी मुलं ‘मायसेल्फ अमुक अमुक’ म्हणत उभी राहायची. चुकीचं होतं, पण उभी राहायची. काहीच पाठ नसतं तर बसूनच राहिली असती.

कोपऱ्यातल्या ताई, उतारा घेता कसा ते सांगा ना. शब्द नंतर बघू.

कोपऱ्यातली

मास्तर, तुमच्या ‘मायसेल्फ’चा चिनी भाऊ सांगते. कुणालाही ‘हाऊ आर यू’ विचारा, चीनमध्ये शिकलेला पन्नाशीच्या आतला माणूस एका दमात म्हणतो, ‘आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू?’ पाठ्यपुस्तकातला संवाद आहे तो. एक मुलगा तापानं फणफणला होता तरी त्यानं हेच म्हटलं.

उताऱ्याचं म्हणाल तर मुलं तयारीची असतात. चीनच्या काओखाओ या विद्यापीठ-प्रवेशपरीक्षेत ७५० पैकी १५० गुण इंग्रजीचे. त्यात एक ‘सातातून पाच’ नावाचा प्रकार असतो: उताऱ्यातली पाच वाक्यं गाळलेली, खाली सात दिलेली, कुठलं कुठे बसतं ते ओळखायचं. मला स्वतःला तो पहिल्या फटक्यात जमला नव्हता. यांना जमतो. घोडं अडतं ते एकेका वाक्यात.

गेल्या महिन्यात वाक्य होतं, ‘द मॅन हू सोल्ड माय अंकल द बोट लिव्ह्ज इन हॅलिफॅक्स.’ प्रश्न: हॅलिफॅक्सला कोण राहतं? पोरानं प्रत्येक शब्दावर पेन्सिलीनं बारीक चिनी अर्थ लिहिलेला, एकही चूक नाही. उत्तर लिहिलं: काका. बरोबरच आहे त्याचं. चिनीत ‘माझ्या काकांना होडी विकणारा’ हा सगळा पसारा आधी येतो आणि माणूस शेवटी. माणसाचं नाव घेऊन झाल्यावर त्याची माहिती मागून जोडतात, हे त्याच्या कानाला ठाऊकच नाही. आणि गंमत अशी की मराठीतही पसारा आधीच येतो! ‘माझ्या काकांना होडी विकणारा माणूस हॅलिफॅक्सला राहतो.’ मी फळ्यावर मराठी वाक्य लिहून, शब्दांखाली बाण काढून त्याला दाखवलं. मराठीचा त्याला गंध नाही, पण क्रम बघून म्हणाला, ‘सेम, सेम!’ मग आम्ही इंग्रजी वाक्यात ‘हू’पासून ‘बोट’पर्यंत कंस घातला, आणि उरलेलं आधी वाचलं. आता तो दिसेल त्या वाक्याला कंस घालत सुटलाय.

असंच ‘आल्दो’चं. ‘आल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट.’ इंग्रजी शिक्षक लाल शाई ओततात. पण चिनीत ‘स्वेइरान’ आलं की मागून ‘तानश’ येणारच. आपलं ‘जरी… तरी’. एकाला बोलावलं की दुसरा हजर. मी त्यांना सांगते, इंग्रज कंजूष आहेत, जोडीतल्या एकालाच पगार देतात.

गप्पांच्या तासाला वेगळीच तऱ्हा. आजी म्हणतात, ‘माय डॉटर, ही इज डॉक्टर.’ तीन वर्षं दुरुस्त करतेय.

तैपेईकर

आजींची चूक नाही. चिनीत तो, ती, ते सगळ्यांचा उच्चार एकच, ‘था’. लिहिताना तरी ‘ती’चं अक्षर वेगळं आहे, आणि तेही जुनं नव्हे: १९२० च्या सुमारास लिऊ पान्नुंग या कवीनं ते पुढे आणलं. डोळ्यांना फरक दिसला, कानांना नाही. म्हणून तीच आजी वाचताना ‘शी’ बरोबर ओळखेल आणि बोलताना मुलीला ‘ही’ म्हणेल. तुमच्या याबा यिंग्यूचा याहून नेटका नमुना सापडणार नाही.

कोपऱ्यातली

हे माहीत नव्हतं! आजींना आता टोकणार नाही. निदान कमी टोकेन.

निरोप घेताना त्या मला ‘वॉक स्लोली’ म्हणतात. मूळ ‘मान चौ’ (च चमच्यातला). पहिल्यांदा एका कॅनेडियन स्वयंसेवकाला वाटलं, त्याच्या दुखऱ्या गुडघ्यावर बोलतायत. मला मात्र काही समजावून सांगावं लागलं नाही. आमच्या कोल्हापूरच्या घरी दारातून हलणाऱ्या प्रत्येकाला ‘सावकाश जा’ म्हणतात, तो रिक्षात बसलेला असला तरी.

तसंच कौतुकाचं. ‘युअर इंग्लिश इज गुड’ म्हटलं की आजोबा म्हणतात, ‘व्हेअर, व्हेअर!’ चिनी ‘नाली, नाली’, म्हणजे ‘कुठे, कुठे’. इंग्रजीत ते अगदीच तिरपागडं. पण आपण काय म्हणतो? ‘छे हो, कुठलं काय!’ आपलंही ‘कुठे’च.

नुसता वाचक

इंग्रजीत दिवा ‘उघडतात’ ना ते? ऑफिसातला चिनी सहकारी रोज ‘ओपन द लाइट’ म्हणतो.

अर्धविराम

चिनीत ‘खाइ’ एकच: दार खाइ, दिवा खाइ, गाडी खाइ, बैठकही खाइ. हसू नका. आपण ‘दिवा लाव’ म्हटलं की दिवा चालू होतो आणि ‘दार लाव’ म्हटलं की दार बंद होतं. हे एखाद्या चिनी माणसाला समजावून दाखवा, मी जेवण देईन.

मूळ प्रश्नाकडे. बोलण्याचा अडसर दाखवणारी म्हण आपल्याकडे आहे की: ‘कळतं पण वळत नाही.’ आपण ती वागण्याबद्दल वापरतो, सिगारेट न सोडणाऱ्याला वगैरे. पण ‘जीभ वळत नाही’ हाही जिवंत प्रयोग आहे. दोन्ही एकत्र आणा. वाचून कळतं, पण जिभेवर वळत नाही. तुमचं ‘खान-तुंग’ झालं ‘कळणं’ आणि याबा झालं ‘न वळणं’. व्यंगाचा उल्लेख नाही, आणि दोष माणसाच्या नाही, जिभेच्या माथी.

तैपेईकर

‘न वळलेलं इंग्रजी’ चांगलं आहे, पण ‘याबा’त एक कडवटपणा आहे तो जातो. चिनी म्हण अशी: मुक्यानं ह्वांगल्येन खाल्लं. ह्वांगल्येन ही औषधी मुळी, जहर कडू. सोसतोय, पण सांगता येत नाही. आपल्याकडच्या दृष्टांतात मुका गूळ खातो, गोडी सांगता येत नाही. त्यांच्या मुक्याच्या तोंडात कडू, आपल्या मुक्याच्या तोंडात गोड. बारा वर्षं इंग्रजी शिकून दुकानदाराशी बोलता न येणं हे गुळाच्या जातीचं नाही. म्हणून माझं मत: ‘याबा यिंग्यू’ तसंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे अर्थ द्या.

जुना मास्तर

मी अर्धविरामांच्या बाजूनं. वाचणाऱ्याला मराठी शब्द मिळू दे.

आणि ताई, तुमचं टोपणनाव ‘कोपऱ्यातली’ का?

कोपऱ्यातली

चीनमध्ये बागेत जमून अनोळखी लोकांशी इंग्रजी बोलायच्या जागेला ‘यिंग्यू च्याओ’ म्हणतात, इंग्रजी कोपरा. शांघायच्या पीपल्स पार्कमधला सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासूनचा. पेइचिंगला, म्हणजे बीजिंगला, रनमिन विद्यापीठातला शुक्रवार संध्याकाळचाही प्रसिद्ध. लेखात मात्र मी ‘इंग्रजी कट्टा’ लिहिलंय. कोपऱ्यात माणूस एकटा बसतो, कट्ट्यावर चार जण लागतात.

आमच्या गटातल्या एका आजोबांविषयी सांगायचं राहिलं. शाळेत त्यांनी शिकलेलं पहिलं इंग्रजी वाक्य ‘लाँग लिव्ह चेअरमन माओ’. १९७७ साली दहा वर्षांहून जास्त बंद असलेली काओखाओ पुन्हा सुरू झाली, तेव्हा ते पहिल्याच तुकडीत बसले. पुढे रेडिओवरून इंग्रजी शिकले. वर्तमानपत्र आजही माझ्यापेक्षा बारकाईनं वाचतात. फोनवर डॉक्टरांची वेळ मात्र नातीला घ्यायला लावतात.

कालच्या गुरुवारी त्यांना ‘कळतं पण वळत नाही’ सांगितलं, अर्थासकट. त्यांनी वहीत चिनी अक्षरांत उच्चार टिपून घेतला आणि म्हणून पाहिला. ‘कलतं’ ठीक. ‘वलत’. परत ‘वरत’. ‘ळ’ काही केल्या येईना. जिभेकडे बोट दाखवून म्हणाले, ‘सी? नो टर्न.’ मग वचपा म्हणून मला त्यांचा ‘र’ म्हणायला लावला, जीभ मागे वळवून, ना धड र ना धड झ. दहा मिनिटं सगळा गट माझ्या तोंडाकडे बघत होता. उतारा राहूनच गेला.

शीर्षक ‘जिभेवर न वळलेलं इंग्रजी’ ठेवतेय. याबा पहिल्या परिच्छेदात राहील, मुळीसकट.