पाच, पाचू, पन्ना, मरकत

परवा नातीच्या कानातल्यासाठी सराफाकडे गेले होते. तिचा जन्म मे महिन्यातला. सुनेनं बजावून ठेवलं होतं, "आई, बर्थस्टोन बघा, मेचा एमरल्ड असतो." मी पेढीवर बसले आणि म्हटलं, पाचू दाखवा. काउंटरवरचा मुलगा जरा गोंधळला. मग आत बघून ओरडला, "पन्ना काढ रे!" खडे आले, छान होते, घेतलेही. पण घरी येईपर्यंत डोक्यात तेच. आमच्या आजीच्या बोटात 'पाचेची अंगठी' होती. आई 'पाचू' म्हणायची. मी शाळेत संस्कृतात 'मरकत' शिकले. आता दुकानात पन्ना आणि घरात एमरल्ड. हे सगळे शब्द एकाच खड्याचे का? 'पाच' बरोबर की 'पाचू'? आणि बर्थस्टोनला आपण काय म्हणायचं?

प्रतिसाद

दोन्ही बरोबर. पाच स्त्रीलिंगी, ती पाच, पाचेची अंगठी. पाचू पुल्लिंगी, तो पाचू, पाचूचा हार. पाच हा शब्द बोलण्यातून मागे पडला त्याचं एक कारण मला उघड दिसतं: आकडा. "पाच घेतल्या" म्हटलं की ऐकणारा विचारणार, पाच काय? जुन्या लेखनात आकडा 'पांच' असा अनुस्वार देऊन लिहीत, तेव्हा निदान कागदावर फरक राहायचा. आता तोही गेला.

बर्थस्टोनबद्दल: महिन्यांची ही यादी १९१२ साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेनं ठरवलेली आहे. आपल्याकडे रत्न महिन्याला नाही, ग्रहाला बांधलेलं असतं. पाचू बुधाचा, म्हणून मिथुन आणि कन्या राशीला सांगतात. तेव्हा 'राशिरत्न' हा शब्द इथे वापरू नये, त्यानं दोन वेगळ्या पद्धतींची सरमिसळ होते. महिन्याच्या खड्याला 'जन्मरत्न' म्हणावं, किंवा सरळ 'मे महिन्याचा खडा'.

प्रतिसाद

माझं आजोळ बेळगावचं, म्हणून लिहिते. कानडीत 'पच्चे' म्हणजे हिरवेपणा, आणि पच्चे म्हणजे पाचूही. तमिळमध्ये 'पच्चै' म्हणजे हिरवा. तेलुगूत 'पच्च'. तिकडे गोंदणालासुद्धा याच शब्दानं ओळखतात, कारण कातडीवर ते हिरवं उमटतं. मला तरी मराठी पाच इथूनच आलेली वाटते. कानडीतून आलेल्या अण्णा, अक्का यांच्या शेजारी बसणारा हा शब्द आहे.

आणखी एक. वेणीत मरव्याबरोबर घालतात ती सुगंधी पाच आठवते का? पान बोटात चुरलं की मातीचा आणि कापराचा मिळून वास येतो, आणि हात धुतला तरी संध्याकाळपर्यंत जात नाही. अत्तरवाले जिला पॅचौली म्हणतात तिच्याच कुळातली ही. त्या पॅचौली शब्दाची फोडसुद्धा तमिळमधल्या 'पच्चै' आणि 'इलै', म्हणजे हिरवं पान, अशीच करतात. म्हणजे वेणीतली पाच आणि अंगठीतली पाच या दोघी एकाच हिरव्याच्या लेकी असाव्यात. हे लक्षात आलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

हिंदी पन्ना मात्र वेगळा. तो संस्कृत 'पर्ण' शब्दाशी जोडतात. तिथेही शेवटी पानच! (मध्य प्रदेशातलं पन्ना गाव प्रसिद्ध आहे ते हिऱ्यांसाठी, पाचूसाठी नाही. बरेच जण फसतात.)

प्रतिसाद

आता मरकत. अमरकोशात ओळ आहे, 'गारुत्मतं मरकतमश्मगर्भो हरिन्मणिः'. चारही नावं पाचूचीच. गारुत्मत म्हणजे गरुडाचं. गरुडपुराणात कथा अशी की बल नावाच्या असुराच्या देहापासून रत्नं झाली. त्याचं पित्त वासुकी नाग घेऊन चालला असताना गरुडानं झडप घातली, पित्त खाली सांडलं आणि त्याचे पाचू झाले. म्हणून पाचू विषावर उतारा, ही समजूत.

पण मरकत शब्दाची घडण संस्कृत धातूंतून नीट लागत नाही. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ त्याला बाहेरचा पाहुणा मानतात. ग्रीकमध्ये 'स्माराग्दोस', आणि सुरुवातीचा स गळालेलं 'माराग्दोस' हे रूपही सापडतं. प्राकृतात 'मरगय', तमिळमध्ये आजही 'मरगदम्'. ग्रीक शब्दाच्या मागे सेमिटिक भाषांमधला 'ब-र-क', म्हणजे चमकणे, हा धातू सांगतात. अरबीत वीज म्हणजे 'बर्क', आणि हिब्रूत एका रत्नाचं नाव 'बरेकेत'. त्याच स्माराग्दोसचं लॅटिनमधून आणि जुन्या फ्रेंचमधून झालेलं रूप म्हणजे एमरल्ड. फारसीतून उर्दूत आलेला 'जमुर्रद' हाही त्याच घरातला. म्हणजे तुमची सून एमरल्ड म्हणाली आणि तुम्ही मरकत शिकलात, तो मुळात एकच शब्द. एक पश्चिमेला गेला, एक आपल्याकडे आला.

आणि वस्तूही तशीच समुद्रावरून आली. त्या काळी पाचूची नावाजलेली खाण इजिप्तच्या वाळवंटात होती. रोमन लोक त्या डोंगराला पाचूचा डोंगरच म्हणत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांना कोलंबियातल्या खाणी मिळाल्या, आणि तिथला माल लिस्बनवरून गोव्याला उतरू लागला. मोगल दरबारातले मोठाले पाचू बरेचसे त्या खाणींतले आहेत. हिजरी ११०७, म्हणजे १६९५-९६, हे साल कोरलेला २१७.८० कॅरटचा एक प्रसिद्ध पाचू आहे. कोरीवकाम इथलं, दगड कोलंबियाचा.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाला एक जोड देतो, ती मला या सगळ्या चर्चेत सर्वांत मोलाची वाटते. पाचू ज्या खनिजाचा हिरवा प्रकार आहे त्या खनिजाचं नाव बेरिल. समुद्री निळा अ‍ॅक्वामरीनही बेरिलच. हा बेरिल शब्द ग्रीक 'बेरुल्लोस'वरून, आणि तो प्राकृत 'वेरुलिय'वरून, म्हणजे आपल्या 'वैडूर्य'वरून गेलेला! पाणिनीनं वैडूर्याची व्युत्पत्ती 'विदूर' या स्थळावरून दिली. त्याच्या व्याकरणावर भाष्य लिहिणारा पतंजली म्हणतो की खडा निघतो वालवाय इथे, विदूरला फक्त पैलू पडतात. दोन हजार वर्षांपूर्वी आपल्याकडे खाण एकीकडे आणि घडणावळ दुसरीकडे असा धंदा होता, हे व्याकरणाच्या पुस्तकातून कळतं. आज तमिळनाडूतल्या कोडुमणलच्या उत्खननात बेरिल घडवण्याच्या खुणा मिळाल्या आहेत, आणि पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनीही लिहितो की बेरिल भारतातून येतो, इतरत्र क्वचितच.

म्हणजे पाचूचं नाव तिकडून इकडे आलं आणि त्याच्या कुळाचं नाव इकडून तिकडे गेलं, त्याच जहाजांच्या वाटेनं. हे दोन दगड एकाच जातीचे असावेत असं प्लिनीच्या काळीही काहींना वाटे, पण पुरावा नव्हता. १७९८ साली फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्होक्लँ यानं दोन्हींत एकच नवं मूलद्रव्य दाखवलं. ते पुढे बेरिलियम झालं. आपण मात्र आज वैडूर्य म्हणतो तो लसण्याला, जो बेरिल नव्हेच. शब्द राहिला, दगड बदलला.

मूळ धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचं वाचून आजीची अंगठी काढली आणि भिंगातून पाहिली. आत बारीक धाग्यांसारख्या रेषा आहेत, शेवाळ तरंगावं तशा. सराफ म्हणाले, अस्सल पाचूत हे बहुधा असतं, आणि चिरा झाकायला बरेचदा तेल भरलेलं असतं, म्हणून गरम पाण्यात धुऊ नका. आई ती अंगठी घालून कधी भांडी घासायची नाही, त्याचं कारण आज कळलं.

पावतीवर 'पन्ना' लिहिलं होतं. मी विनंती करून शेजारी 'पाचू' लिहून घेतलं. रविवारी फुलवालीकडून पाचेची एक जुडी आणणार आहे. नातीच्या एका हातात पान देईन, दुसऱ्या हातात अंगठी.