साताऱ्यातल्या ३७ हजार पिपाण्या चुकून वाजल्या का?

पेठेतला वाचक
परवा जत्रेतनं पुतण्यानं पिपाणी आणली. दुपारी सगळे आडवे झालेले असताना त्यानं ती जीव खाऊन फुंकली. आमचे तीर्थरूप ताडकन उठले आणि म्हणाले, "बाहेर फेक ती! हिनं एकदा घात केलाय." मग काय, चहापर्यंत घरात दोन तट. तोच वाद इथं आणतोय.

बाहेरगावच्यांसाठी थोडक्यात. ७ मे २०२४ ला साताऱ्यात लोकसभेचं मतदान झालं. कमळावर उदयनराजेंना ५,७१,१३४ मतं, 'तुतारी वाजवणारा माणूस' या चिन्हावर शरद पवारांच्या पक्षाच्या शशिकांत शिंदेंना ५,३८,३६३. फरक ३२,७७१ चा. आणि एका अपक्षाला ३७,०६२! आमच्या गल्लीत त्याचं साधं पत्रकसुद्धा आलं नव्हतं. त्याचं चिन्ह इंग्रजी यादीत ट्रम्पेट, मराठी यादीत तुतारी आणि लोकांच्या तोंडी पिपाणी. एका चित्राला तीन वाद्यांची नावं.

माझं म्हणणं असं की मशीनला शिव्या घालण्यात अर्थ नाही, घोळ यादीत झाला. एका उमेदवाराच्या चिन्हात तुतारी आणि दुसऱ्याच्या चिन्हाचं नावच तुतारी. हे कागदावर उतरवताना कुणालाच खटकलं नाही?

अजिंक्यताऱ्याचा पायथा
झालं, पुन्हा तेच रडगाणं. जरा बेरीज-वजाबाकी करा. शिंदे निवडून यायला त्या ३७,०६२ पैकी ३२,७७२ मतं चुकूनच पडलेली असायला हवीत. म्हणजे शंभरातली अठ्ठ्याऐंशी माणसं चुकली असं तुम्ही म्हणताय. सातारा जिल्हा इतका अडाणी आहे का? २०१९ च्या पोटनिवडणुकीत हेच महाराज ८७,७१७ मतांनी पडले, तेव्हा मतदार शहाणा होता. आता दुसरीकडं कौल दिला की लगेच त्याला चित्र ओळखता येत नाही. वर २०१५ पासून मशीनवर उमेदवाराचा फोटोही असतो. डोळे उघडे ठेवले तरी पुरे.

कोरेगावची सून
फोटोचं बोलूच नका. कृष्णधवल, पोस्टाच्या तिकिटापेक्षा थोडा मोठा, त्यात सगळे उमेदवार पांढऱ्या शर्टात. आमच्या सासूबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू. त्या घरनं निघताना एकच शब्द घोकत गेल्या, "तुतारी, तुतारी". माणूस घोकला नाही त्यांनी. आल्यावर विचारलं, तर म्हणाल्या, "दाबली की, चांगली मोठी होती." मोठी! माणसाच्या हातातली तुतारी कुठं मोठी दिसत होती? तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला.

बरं, रंगीत आणि मोठे फोटो आले ते थेट २०२५ ला बिहारमध्ये.

अजिंक्यताऱ्याचा पायथा
ताई, एका सासूबाईंवरनं जिल्ह्याचा निकाल नाही लागत.

सांगलीचा हळद्या
मी शेजारच्या जिल्ह्यातला, पण राहवत नाही. त्याच दिवशी आमच्याकडंही मतदान होतं. विशाल पाटील अपक्ष, चिन्ह लिफाफा, मिळालं तेही प्रचाराच्या ऐन वेळी. तरी लाखाच्या वर मतांनी निवडून आले. आमच्या तासगाव-जतच्या म्हाताऱ्यांनी शोधून शोधून लिफाफा दाबला की ओ. तुमच्या पक्षाला चिन्ह फेब्रुवारीत मिळालं, रायगडावर वाजतगाजत त्याचं अनावरणही झालं. नंतरचे दोन महिने कार्यकर्ते काय पेढे वाटत होते? प्रचार कमी पडला हे कबूल करा आणि मोकळे व्हा.

पेठेतला वाचक
हळद्या, मुद्दा बिनतोड वाटतो, पण अर्धाच आहे. तुमच्या लिफाफ्याशेजारी आंतर्देशीय पत्र ठेवलं असतं, आणि त्याखाली 'लिफाफा' असं छापलं असतं, तर किती म्हाताऱ्या चुकल्या असत्या ते सांगा.

बँडवाल्याचा नातू
राजकारणातलं मला कळत नाही, वाद्यातलं कळतं. आजोबा लग्नात तुतारी फुंकायचे. तुतारी वाकडी असते, पितळेची नाहीतर तांब्याची, तिला ना भोकं ना बटणं. ओठ आवळून दम लावायचा, दोन-चार सूर निघतात तेवढेच. पिपाणीला पाती असते, ती तोंडात धरून वाजवायची, ती सनईच्या कुळातली. ट्रम्पेटला तीन खटके असतात, ते बँडमधलं. तिघांचा एकमेकांशी संबंध तोंडानं फुंकण्यापुरता. आमच्या घरी कुणी ट्रम्पेटला तुतारी म्हटलं असतं, तर आजोबांनी त्याला पंगतीतनं उठवलं असतं.

पुण्यात अडकलेला सातारकर
हे जगात पहिल्यांदा घडलेलं नाही. २००० साली अमेरिकेत फ्लोरिडाचा निकाल ५३७ मतांवर ठरला आणि त्यावर राष्ट्राध्यक्ष ठरला. तिथल्या पाम बीच काउंटीत मतपत्रिका फुलपाखरासारखी छापली होती. दोन्ही पानांवर नावं, मधे एकाच रांगेत भोकं. गोर यांना मत द्यायला गेलेल्या कित्येकांनी भलतंच भोक पाडलं आणि ब्युकॅनन नावाच्या उमेदवाराला तिथं ३,४०७ मतं पडली. त्यातली बहुतेक आपली नसावीत हे तो गृहस्थ स्वतः म्हणाला. शिकलेलाच मतदार होता तो, इंग्रजी वाचणारा! तेव्हा 'सातारकर अडाणी का' हा प्रश्नच चुकीचा आहे. छपाई वाकडी असेल तर शहाणाही चुकतो.

अजिंक्यताऱ्याचा पायथा
ब्युकॅनननं कबूल केलं, इथं कुणी केलंय? आणि अमेरिकेपर्यंत कशाला जाता, दिंडोरी बघा. तिथं भगरे विरुद्ध भगरे होतं. पिपाणीवाल्या भगरेंना लाखाच्या वर मतं गेली, तरी खरे भगरे एक लाख तेरा हजारांच्या आसपास फरकानं आले. ज्याची हवा असते तो असल्या धक्क्यानं पडत नाही.

कोरेगावची सून
तुम्हीच लिहिलंत, "खरे भगरे". म्हणजे पिपाणीची लाखभर मतं खोट्या पत्त्यावर गेली हे मान्य झालं ना? तिथं आडनावानंही घोळ केला, पण चिन्ह तेच. दिंडोरीत लाख चुकू शकतात आणि साताऱ्यात तेहतीस हजार नाही, हा कुठला हिशोब?

अजिंक्यताऱ्याचा पायथा
शब्द धरू नका. थोडी मतं चुकली असतील, तेवढं सोडतो. निकाल बदलला, हे नाही मानत.

चहा आणि बातम्या
मधेच एक फालतू शंका. ३७ हजार मतं घेतलेल्या अपक्षाचं डिपॉझिट वाचलं का हो?

पुण्यात अडकलेला सातारकर
गेलं. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त लागतात, साताऱ्यात ते दोन लाखांच्या घरात जातं. निकाल हलवण्याइतकी मतं आणि वर २५ हजार रुपये सरकारजमा. आणि फालतूच विचारायचं असेल तर हेही घ्या: मतं समसमान पडली तर आपल्याकडं चिठ्ठी टाकतात. २०१७ ला मुंबई महापालिकेच्या एका प्रभागात खरंच तसा नगरसेवक ठरला. म्हणजे अख्ख्या प्रभागानं रांगेत उभं राहून ठरेना, ते एका चिठ्ठीनं ठरवलं.

सांगलीचा हळद्या
चिठ्ठीवर निदान चित्र तरी नसतं.

पेठेतला वाचक
पायथेकर, तुमची अठ्ठ्याऐंशी टक्क्यांची वजाबाकी मला खोडता येत नाही, खरंच. एवढे चुकले की नाही हे कुणीच सांगू शकणार नाही, मत गुप्त असतं. पण मग विधानसभेच्या वेळी आयोगानं तो तुतारीवाला माणूस ठळक छापायचं का मान्य केलं? ट्रम्पेट मात्र यादीत तसंच ठेवलं. पहिल्यापासून सगळं स्वच्छ दिसत होतं, तर ठळक करायची गरज काय पडली?

अजिंक्यताऱ्याचा पायथा
मागितलं म्हणून दिलं. दिलं तरी संशय, नाही दिलं तरी संशय.

निवृत्त मास्तर
सगळं वाचलं. मी त्या निवडणुकीत ड्यूटीवर होतो, गाव सांगत नाही. दुपारची अडीचची वेळ, पंखा बंद, केंद्रात माणूस नाही. एक आजी आल्या, ऐंशीच्या पुढच्या. नाव तपासलं, शाई लावली, पुठ्ठ्याच्या आडोशामागं गेल्या. बराच वेळ झाला, बीप वाजेना. मग आतनंच हाक आली, "बाळा, हितं दोन तुताऱ्या हायत्या. आपली कुठली?"

पोलिंग एजंटांनी माना खाली घातल्या. एकाला हसू आलं, एकाचा चेहरा पडला. मी खुर्चीतनं अर्धा उठलो आणि परत बसलो. बटण कसं दाबायचं ते बाहेर नमुन्यावर दाखवता येतं. कुठलं दाबायचं ते सांगणं म्हणजे गुन्हा. म्हटलं, "आजी, तुम्हाला पटंल ते दाबा." चाळीस वर्षं पोरांना चित्रं दाखवून शिकवलं, आणि त्या दिवशी एका चित्राकडं बोट करता आलं नाही.

पायथेकर, तुमचं गणित बरोबर असेल. मी फक्त तो प्रश्न ऐकलाय.

कोरेगावची सून
मास्तर, मग त्यांनी शेवटी कुठली दाबली?

निवृत्त मास्तर
ते मला कसं कळावं? बीप वाजला, आजी बाहेर आल्या. बोटाची शाई पदराला पुसत होत्या. म्हटलं, आजी, ती निघायची नाही, उगं लुगडं खराब करू नका.