लासलगावचे विकिरण केंद्र आणि चाळीतला कांदा : संशोधनाचा प्रश्न नेमका कोठे मांडावा?

प्रश्न : गोदाकाठ (नाशिक)

नमस्कार. मी नाशिकमधील एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते आणि पीएच.डी.साठी कांद्याच्या साठवणुकीवर काम करण्याचा विचार आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला उभारलेले ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ मध्ये सुरू झाले. कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून त्याला गॅमा किरणांची अल्प मात्रा देण्याची सोय देशातल्या सर्वांत मोठ्या कांदा बाजारपेठेच्या दारात होऊन वीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरीही निफाड, येवला, चांदवड, कळवण या पट्ट्यातला बहुतेक सगळा उन्हाळ कांदा आजही विकिरणाविनाच चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये, पडतो. आंब्याचे मात्र वेगळे झाले. याच केंद्रात प्रक्रिया होऊन २००७ मध्ये आंबा अमेरिकेला गेला आणि विकिरणाची ती वाट पुढे चालू राहिली.

हे असे का झाले, एवढाच माझा प्रश्न आहे. वाचायला घेतले तेव्हा असे दिसले की, भौतिकशास्त्राचे लेख मात्रेविषयी बोलतात, कृषी विद्यापीठांचे लेख साठवणुकीतील घटीविषयी, आरोग्याचे लेख सुरक्षिततेविषयी आणि धोरणाचे लेख भावाविषयी. पण यांपैकी कोणीही दुसऱ्याची दखल घेत नाही. प्रत्येक लेख आपापल्या जागी पटतो आणि तरीही चाळीत काय चालले आहे ते त्यातून उलगडत नाही. एका ज्येष्ठांनी तर प्रस्ताव वाचून “हा विषय अर्थशास्त्राचा नव्हे” असा शेरा मारला. या चारही क्षेत्रांतील जाणकारांनी आपापल्या बाजूने मार्गदर्शन करावे, ही विनंती.

उत्तर : किरणोत्सारी मास्तर

मॅडम, भौतिकशास्त्राच्या बाजूने यात वादाचे फारसे काही उरलेले नाही. अशा केंद्रात स्रोत म्हणून वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-६० या किरणोत्सारी धातूमधून १.१७ आणि १.३३ एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचे गॅमा किरण निघतात. ही ऊर्जा कांद्यातील अणुकेंद्रकांत बदल घडवण्यास अपुरी असल्यामुळे कांदा किरणोत्सारी होत नाही. मोड रोखायला साधारण ६० ते ९० ग्रे मात्रा लागते. एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल, त्यामुळे ९० ग्रे देऊनही कांद्याचे तापमान एका अंशाच्या पन्नासाव्या भागाएवढेच वाढते. एवढ्या थोड्या ऊर्जेनेही कोंबाच्या टोकाशी असलेल्या, विभाजन पावणाऱ्या पेशींचा डीएनए तुटतो आणि मोड फुटत नाही. बाकीचा कांदा विश्रांतीतच असतो, त्याचे विशेष बिघडत नाही.

मात्र आपल्या विषयाला उपयोगी पडेल असे एक गणित इथे आहे आणि ते लेखांत सहसा स्वतंत्रपणे मांडलेले दिसत नाही. समजा, एक लाख क्युरीचा (क्युरी हे किरणोत्साराचे एकक) स्रोत आहे. त्यातून सुमारे १,४८० वॅट ऊर्जा बाहेर पडते. त्यातली चौथाई मालात शोषली गेली असे धरले, तर सेकंदाला ३७० ज्यूल मिळतात आणि ६० ग्रेच्या हिशेबाने सेकंदाला सहा किलो, म्हणजे तासाला जवळपास २२ टन कांदा निघायला हवा. हाच स्रोत मसाल्यांसाठी १० किलोग्रे मात्रेवर वापरला, तर तासाला जेमतेम सव्वाशे-दीडशे किलो माल निघतो. म्हणजे किरणांच्या दृष्टीने कांदा हा सर्वांत झटपट उरकणारा माल आहे. अडचण येते ती तासाला २२ टन कांदा उतरवणे, पेट्यांत भरणे, फिरवणे आणि पुन्हा गाडीत चढवणे यात. शिवाय पेटीच्या मध्यावरच्या कांद्यालाही किमान मात्रा मिळायला हवी, म्हणून कडेच्या कांद्याला नेहमी थोडी जास्त मात्रा जाते आणि प्रत्यक्षातला वेग कागदावरच्या आकड्यापेक्षा कमीच राहतो.

आणखी एक. कोबाल्ट-६० चे अर्धायुष्य ५.२७ वर्षे आहे, म्हणजे स्रोताची शक्ती दर वर्षी सुमारे १२ टक्क्यांनी घटते, मग केंद्र चालू असो वा बंद. ज्या यंत्रणेला वर्षातून केवळ दीड-दोन महिनेच कांदा मिळणार, तिने उरलेले महिने कशाच्या जोरावर काढायचे? हा प्रश्न मी अर्थशास्त्राचाच समजतो. ज्येष्ठांचा शेरा आपण फार मनावर घेऊ नये.

उत्तर : निफाडचा उत्पादक

ताई, मी कृषी पदवीधर आहे आणि घरची कांदा चाळ आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी लिहितो.

शास्त्रज्ञ ‘मोड’ म्हणतात तेव्हा तो त्यांच्या प्रयोगाचा निकाल असतो. आमच्याकडे मोड हा घटीतला एक हिस्सा आहे आणि तोही उशिरा येणारा. एप्रिल-मे मध्ये कांदा काढला की तो पातीसकट शेतात सुकवतात, बोटभर मान ठेवून पात कापतात, काही दिवस सावलीत ठेवतात आणि मग चार-पाच फूट उंचीपर्यंत चाळीत भरतात. तेथून पुढे पहिली घट होते ती वजनाची. कांदा श्वास घेतो, पाणी उडते आणि दिसायला चांगला असलेला मालही काट्यावर कमी भरतो. पावसाळा लागला, हवा दमट झाली की सड सुरू होते. खालच्या थरातला दाबला गेलेला, मान नीट न सुकलेला कांदा आधी पाणी सोडतो आणि शेजारच्या चार कांद्यांना घेऊन जातो. याच काळात सालीखाली काजळी, म्हणजे काळी बुरशी, धरते. हात फिरवला तर बोटे काळी होतात, आणि असा कांदा आतून चांगला असला तरी लिलावात त्याचा भाव पडतो. मोडांचा खरा जोर भाद्रपदापासून पुढे असतो. सगळ्या प्रकारची मिळून घट तीस-चाळीस टक्क्यांवर जाते असे सर्रास सांगितले जाते. विकिरणाने यातला फक्त मोडांचा हिस्सा वाचतो. वजनातली घट आणि सड यांवर त्याचा थेट इलाज नाही, उलट मार लागलेला किंवा ओला कांदा विकिरणानंतरही सडतोच.

आता वेळेचे पाहा. विकिरण करायचे तर कांदा सुप्तावस्थेत असतानाच, म्हणजे काढणीनंतर थोड्या आठवड्यांतच करावे लागते. उशीर झाला तर आतला कोंब वाढू लागलेला असतो. तो किरणांनी मरतो खरा, पण कांदा चिरल्यावर मध्यभागी तपकिरी ठिपका दिसतो आणि गिऱ्हाईक तो माल नाकारते. म्हणजे निर्णय मे महिन्यात घ्यायचा आणि फायदा झालाच तर तो ऑक्टोबरमध्ये. मे महिन्यात शेतकऱ्याला मजुरी, खताची उधारी आणि पुढच्या पेरणीचे बियाणे यांसाठी पैसा हवा असतो. तेव्हा वाहतूक, हमाली, बारदान आणि प्रक्रियेचा दर खिशातून देऊन पाच महिन्यांनंतरच्या भावावर पैज लावायला आमच्यापैकी कितीजण तयार होतील?

लेखांत न येणारी आणखी एक गोष्ट सांगतो. शेतातून चाळीत जाणारा कांदा एकदाच हाताळला जातो. विकिरणासाठी तो गोणीत भरायचा, गाडीत टाकायचा, केंद्रावर उतरवायचा, पेटीत ओतायचा आणि हाच सगळा प्रवास उलटाही करायचा. प्रत्येक आपटण्याने कांद्याला आतून मार बसतो आणि तो मार जुलै-ऑगस्टमध्ये सड होऊन बाहेर येतो. प्रयोगशाळेतल्या चाचणीत कांदा जाळीच्या पिशवीतून अलगद नेतात. तिथला निकाल आमच्या चाळीला लागू होईलच, असे मी म्हणणार नाही.

जातीचाही विचार व्हावा. एन-२-४-१ किंवा भीमा शक्तीसारखा टिकाऊ उन्हाळ कांदा, नत्र बेताने आणि काढणीआधी पाणी वेळेवर तोडलेले, एवढे केले तरी घट बरीच आटोक्यात राहते. या साध्या उपायांशी तुलना न करता विकिरणाचा फायदा मोजला, तर तो फुगलेला दिसणारच.

उत्तर : जनआरोग्य

आरोग्याच्या बाजूने थोडक्यात लिहितो. अन्न व कृषी संघटना, आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १९८० मध्ये असा निष्कर्ष दिला की, सरासरी १० किलोग्रेपर्यंत मात्रा दिलेले अन्न विषारी ठरत नाही. कांद्याला मिळणारी मात्रा त्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी आहे. भारतात कांदा, बटाटा आणि मसाल्यांच्या विकिरणाला १९९४ मध्ये परवानगी मिळाली. त्यामुळे “विकिरणित कांदा सुरक्षित आहे का?” असे शीर्षक घेऊन आणखी एक सर्वेक्षण करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. लोकांची भीती मोजायची असेल तर तो वेगळा विषय आहे आणि तिथेही एक गोम आहे : विकिरणित माल ग्राहकाला ओळखता यावा म्हणून वेष्टनावर चिन्ह असते, पण आपला कांदा हातगाडीवर सुटाच विकला जातो. मग ग्राहकाने पसंती किंवा नापसंती दाखवायची कशावरून?

निफाडच्या मित्रांनी काजळीचा उल्लेख केला. चाळ फोडल्यावर ती काळी धूळ नाकातोंडात घेत दिवसभर कांदा निवडणाऱ्या महिलांच्या श्वसनाचा अभ्यास करायला हवा, असे मला फार वाटते. आपल्या प्रस्तावात तो बसणार नाही, पण इथे कोणी वैद्यकीय विद्यार्थी वाचत असेल तर त्याने जरूर विचार करावा.

उत्तर : बाजारभाव अभ्यासक

वरील तिन्ही उत्तरे एकत्र वाचली तर आंबा आणि कांदा यांतला फरक लक्षात येतो. अमेरिकेने आंब्याला किमान ४०० ग्रेची अट घातली ती किडींमुळे. कोयीत लपलेला भुंगा तिकडे पोहोचू नये, हा तिचा हेतू. विकिरण नाही तर प्रवेश नाही, इतका सरळ मामला होता आणि निर्यातीचा दर तो खर्च पेलू शकत होता. कांद्याला विकिरण करा असे कोणीही बजावत नाही. खर्च करणारा एक, मोड न आल्याचा लाभ घेणारा दुसरा आणि भाव स्थिर राहिल्याचे समाधान तिसऱ्याचे, अशी ही विभागणी आहे.

काल्पनिक आकडे घेऊन पाहू. शंभर क्विंटल साठवले आणि विकिरणामुळे त्यातले आठ क्विंटल मोडांपासून वाचले असे धरा. विक्रीच्या वेळी भाव २,५०० रुपये असेल तर २०,००० रुपये वाचले, म्हणजे क्विंटलमागे २०० रुपयांपर्यंत खर्च परवडेल. भाव १,२०० वर आला तर तीच मर्यादा ९६ रुपयांवर उतरते. थोडक्यात, तंत्रज्ञान तेच, कांदा तोच, पण ते परवडते की नाही हे शेवटच्या भावावर ठरते. आता हा भाव कोणाच्या हातात आहे ते पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, मे २०२४ मध्ये ती उठली पण टनामागे ५५० डॉलरचे किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिले, सप्टेंबर २०२४ मध्ये शुल्क २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून ते हटले. अशा वातावरणात मे महिन्यात ऑक्टोबरच्या भावाचा अंदाज बांधून खर्च करणे शेतकऱ्याला शहाणपणाचे वाटत नसेल, तर त्याला ‘तंत्रज्ञानाविषयीची अनास्था’ म्हणणे मला अन्यायाचे वाटते. काही अहवालांत हा शब्दप्रयोग वाचून चीड येते.

सरकारची गोष्ट निराळी आहे. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत राखीव साठा करणाऱ्या सरकारला अधिक काळ टिकणारा कांदा खरोखरच हवा असतो. २०२४ मध्ये एक लाख टन राखीव कांदा विकिरणित करण्याचा मानस केंद्राने जाहीर केला होता, तो याच कारणाने. शीतगृहातला साधा कांदा बाहेर काढल्यावर लवकर मोड धरतो, विकिरणित कांदा धरत नाही. त्यामुळे शीतगृह आणि विकिरण ही जोडी मोठ्या साठेदाराला उपयोगाची आहे. पण तो साठा नेमका भाव चढू लागल्यावर बाजारात येतो आणि चाळीत कांदा ठेवून बसलेल्या शेतकऱ्याची कमाईची वेळ तीच असते. म्हणजे ज्या तंत्राचे नाव ‘शेतकऱ्यासाठी’ म्हणून घेतले जाते, ते यशस्वी झाले तर त्याचाच भाव पाडू शकते. आपल्या प्रबंधाचा कणा मला इथे दिसतो.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मग “शेतकरी विकिरण का स्वीकारत नाहीत?” याऐवजी “विकिरणाचा खर्च व लाभ कोणाकोणात, कोणत्या भावाला, कसा वाटला जातो?” असा प्रश्न मांडते. पण घटीचे आकडे तयार लेखांतून घ्यावेत की स्वतः मोजावेत? निफाडच्या दादांनी हाताळणीविषयी लिहिल्यापासून तयार आकड्यांवर विसंबायला मन धजावत नाही.

निफाडचा उत्पादक

स्वतः मोजा, आणि मोजताना दोन नव्हे तर तीन वाटे करा. एकाच शेतातला, एकाच दिवशी काढलेला कांदा घ्या. पहिला वाटा थेट चाळीत जाईल. दुसरा लासलगावला जाऊन, सगळी चढउतार सोसून, विकिरण न करताच परत येईल. तिसरा विकिरण होऊन येईल. दुसरा वाटा नसेल तर विकिरणाचा गुण आणि प्रवासाचा दोष यांची सरमिसळ होईल आणि परीक्षक नेमके तिथेच बोट ठेवतील. दर महिन्याला वजन, सड, काजळी आणि मोड यांची वेगवेगळी नोंद ठेवा, आणि प्रत्येक वेळी थोडा माल लिलावात नेऊन प्रत्यक्ष मिळालेला भावही लिहा, कारण काजळीचा तोटा वजनात दिसत नाही.

किरणोत्सारी मास्तर

तिसऱ्या वाट्यात पेटीच्या मध्यावर आणि कडेला मात्रामापक ठेवण्याची विनंती केंद्राला आधीच करून ठेवावी. मात्रा प्रत्यक्ष मोजलेली नसेल तर कांदा टिकला नाही तेव्हा दोष तंत्राचा की कमी मिळालेल्या मात्रेचा, हे सांगता येणार नाही. मे महिन्यात तिथे आंब्याची गर्दी असते, तेव्हा परवानगीचा अर्ज आणि वेळेची निश्चिती हिवाळ्यातच झालेली बरी.