तातडीने मदत हवी: आईच्या तीन तारखा एकमेकींशी जुळेनात, कुणाला गाठू?

कळंब_ते_पुणे
नमस्कार, थेट विषयावर येतो. आईला कॅन्सर निघालाय. आईची ओपीडी मंगळवारी दिलीय, पेट स्कॅन (कॅन्सर अंगात कुठवर गेलाय ते बघायचा) गुरुवारी दुपारी ३ ला आणि टू डी एको (हृदयाची सोनोग्राफी) त्याच्या पुढच्या सोमवारी. डॉक्टर म्हणाले सगळे रिपोर्ट घेऊनच या, मग मंगळवारी जाऊन दाखवू काय? अपॉइंटमेंट काउंटरवाले म्हणतात स्कॅनवाल्यांना विचारा, स्कॅनवाले म्हणतात ओपीडीला विचारा, कालपासून नऊ फोन झाले. आई गावाकडं, मी पुण्यात, दर खेपेला गाडी करून आणावं लागतं आणि माझ्या सुट्ट्या संपत आल्यात. कुणाला भेटलं की काम होतं तेवढं सांगा. हॉस्पिटलचं नाव विचारू नका, उपचार तिथंच घ्यायचेत.

गोदाकाठ
कॅन्सर कसला ते तरी सांगा. केमो चालू आहे का ऑपरेशन झालंय? पैसे भरून का योजनेत?

कळंब_ते_पुणे
स्तनाचा. अजून काहीच चालू नाही, लातूरला बायोप्सी झालीय फक्त. पैसे भरून. प्रश्न तारखांचा आहे, प्लीज.

गोदाकाठ
पैसे भरण्याआधी महात्मा फुले योजना बघा. १५५३८८ ला फोन करा, रेशनकार्ड-आधार घेऊन हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला भेटा, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत आहे. भरलेले पैसे मागून परत मिळत नाहीत, आमचे गेले.

बार्शीकर
कळंबचे असून पुण्याला कशाला पळताय? बार्शीला नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे, माझ्या चुलतीचं सगळं तिथंच झालं, संध्याकाळी घरी.

परळवारी
एकदा तरी टाटाला दाखवा. मी बायकोला तिथंच नेलं, राहायला नाना पालकर समितीत सोय झाली.

बार्शीकर
ज्याची आई गावाकडं आहे त्याला मुंबई सांगताय, सोबत कोण राहणार?

सह्याद्री७२
रेल्वेत उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर पेशंटला स्लीपर आणि थर्ड एसीला तिकिटाचं भाडं पूर्ण माफ, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलकडून फॉर्म भरून घ्या.

वॉर्डातली_सिस्टर
दादा, बायोप्सीच्या रिपोर्टवर हर टू (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) समोर काय लिहिलंय? आणि आईंना शुगर आहे का?

कळंब_ते_पुणे
२+ लिहिलंय आणि खाली 'फिश करून घ्यावी'. शुगर आहे, दहा वर्षं, गोळ्या चालू. तारखांशी संबंध वाटला नाही म्हणून लिहिलं नाही.

वॉर्डातली_सिस्टर
सगळा संबंध आहे. २+ म्हणजे हो पण नाही आणि नाही पण नाही, ते फिशवर, म्हणजे जनुकाच्या पुढच्या तपासणीवर ठरतं आणि त्यावर औषध ठरतं. फिशला बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) लागतो, तो लातूरच्या लॅबमध्ये पडून असणार आणि रिपोर्टला आठ-दहा दिवस सहज जातात. म्हणजे तिन्ही तारखा जुळल्या तरी तुम्ही अडकणारच, आज आधी ब्लॉक काढा. दुसरं, पेटला चार-सहा तास उपाशी लागतं आणि शुगर २०० च्या आत, नाहीतर परत पाठवतात. शुगरवाल्या बाईला दुपारी ३ ची वेळ देऊ नये, स्कॅनला फोन करून शुगर आहे हे सांगा आणि सकाळची मागा, गोळीचंही तिथंच विचारा. काउंटरचा नाद सोडा, तुमच्या डॉक्टरांच्या युनिटची सिस्टर नाहीतर कोऑर्डिनेटर गाठा.

निसर्गोपचार_घरी
पपईच्या पानांचा रस सुरू करा, माझ्या साडूंना केमोत फार फरक पडला.

वॉर्डातली_सिस्टर
केमो सुरूच नाही झाली त्यांची. आणि डॉक्टरांना न विचारता काही पाजू नका, हात जोडून सांगते.

निसर्गोपचार_घरी
अनुभव सांगितला, जबरदस्ती नाही.

कळंब_ते_पुणे
अपडेट. चुलतभाऊ लातूरला गेला, लॅबवाले आधी देत नव्हते, बायोप्सी करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि आईची सही दाखवल्यावर दिले. प्लॅस्टिकच्या जाळीच्या डबीत मेणाचे दोन तुकडे, निम्म्या काडेपेटीएवढे, याच्यावाचून सगळं अडलं होतं. युनिटच्या सिस्टर भेटल्या, त्यांनी स्कॅन गुरुवारी सकाळी ८ ला करून दिला, मंगळवारची ओपीडी पुढं ढकलली. एको अजून सोमवारीच.

वॉर्डातली_सिस्टर
ब्लॉक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू देऊ नका, उन्हानं मेण पाघळतं. शुक्रवारी बाहेर एको केला तर चालेल का ते डॉक्टरांना विचारा, म्हणजे खेप वाचेल. घरात लहान लेकरू आहे का?

कळंब_ते_पुणे
आहे, आठ महिन्यांची मुलगी. तिच्यासाठीच आई बुधवारपासून पुण्यात राहायला तयार झाली.

वॉर्डातली_सिस्टर
स्कॅनचं इंजेक्शन किरणोत्सर्गी असतं, काही तास अंगात राहतं, त्या दिवशी लेकराला जवळ देऊ नका. शुक्रवारी सकाळी द्या मांडीवर.