व्हीएचएस लावली की आवाज स्वच्छ, चित्रावर नुसत्या मुंग्या: काय तपासू?

दांडियाबाजारकर
बडोद्याच्या घरी माळ्यावरून १४ कॅसेट काढल्या आहेत, लग्नं-मुंजी, १९८८ ते १९९९. व्हीसीआर दोन हेडचा, मोनो. पहिल्या तीन नीट चालल्या. चौथी लावली आणि पाच मिनिटांत पडदाभर मुंग्या. आवाज मात्र ठणठणीत. आता आधीच्या तीनही तशाच दिसतात. चौथीच्या खिडकीतून पट्टीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसते. ट्रॅकिंगचं बटण फिरवून काही फरक नाही.

दुसरं म्हणजे, यूएसबी कॅप्चर कार्डाने संगणकावर जी उतरवली तिच्यात तासाभरानंतर अक्षता आधी पडतात आणि ‘सावधान’ मागून ऐकू येतं. सुरुवातीला बरोबर असतं.

चुंबकपट्टी
व्हीसीआर बिघडलेला नाही, हेड, म्हणजे पट्टी वाचणारे भाग, बुजले आहेत. ती पांढरी भुकटी म्हणजे बुरशी. मोनो आवाज पट्टीच्या कडेला सरळ रेषेत असतो आणि तो स्थिर हेड वाचतो. चित्र वाचणारे हेड फिरत्या ड्रमवर बसवलेले असतात. त्यांची फट मायक्रॉनपेक्षाही लहान, बुरशीचा कण तिथे बसला की चित्र गेलं, आवाज राहिला. ट्रॅकिंगचा दोष असता तर एखादा आडवा पट्टा दिसला असता, पडदाभर मुंग्या नाहीत. शिवाय चांगल्या कॅसेटही आता तशाच दिसतात, म्हणजे प्रश्नच मिटला.

प्लग काढा, झाकण उघडा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. प्रयोगशाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात मिळतं. सॅनिटायझर नको, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. शॅमॉय चामड्याचा तुकडा भिजवून ड्रमच्या बाजूला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरच्या कडेला धरून सावकाश आठ-दहा फेरे फिरवा. तुकडा वर-खाली घासलात तर हेडचं टोक तुटेल, आणि मग दुसरा व्हीसीआर शोधा. कानातल्या काड्या अजिबात नकोत, कापसाचा धागा हेडमध्ये अडकतो. स्थिर ऑडिओ हेड, कॅपस्टनचा (पट्टी ओढणारा) दांडा आणि पट्टी जिथून जाते ते खांबही पुसा. पट्टी त्या दांड्यावर दाबणाऱ्या रबरी पिंच रोलरला मात्र अल्कोहोल लावू नका, रबर कडक होतं; साबणाच्या पाण्याने ओलसर केलेलं फडकं पुरे. अर्धा तास वाळू द्या आणि मग सगळ्यात कमी महत्त्वाची कॅसेट लावून बघा.

पोळवाला
वरचं सगळं बरोबर, पण चौथी पुन्हा लावलीत तर पाच मिनिटांत जैसे थे. आधी उरलेल्या दहाही टॉर्च मारून तपासा. जिथे कडेवर पांढरं जाळं किंवा ठिपके दिसतील त्या वेगळ्या पिशवीत.

आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात बुरशी ओली आणि चिकट असते, त्या अवस्थेत हात लावाल तर ती पट्टीभर पसरेल. कॅसेट हवाबंद डब्यात निळ्या सिलिका जेलसोबत दोन आठवडे ठेवा. दाणे गुलाबी झाले की बदला. उन्हात किंवा ओव्हनमध्ये नको. कॅसेट ‘भाजण्याचा’ उपाय इंटरनेटवर दिसेल, पण तो बाइंडर (चुंबकीय थर पट्टीला धरून ठेवणारा पदार्थ) चिकट झालेल्या पट्ट्यांसाठी असतो, बुरशीसाठी नाही.

वाळून भुकटी झाली की कॅसेट उलटी करून पाच स्क्रू काढा, कवच उघडा आणि मऊ ब्रशने दोन्ही रिळांच्या कडा झाडा. हे अंगणात, मास्क लावून. मग भंगारातला एखादा व्हीसीआर किंवा रिवाइंडर घेऊन पट्टी एकदा टोकापर्यंत पुढे आणि परत मागे. चांगल्या यंत्रात त्यानंतरच. तरीही प्रत्येक बुरशीवाल्या कॅसेटनंतर हेड पुसावेच लागतात, म्हणून त्या शेवटी घ्या.

दांडियाबाजारकर
बाजारातली कोरडी क्लीनिंग कॅसेट चालेल का? आणि आवाजाचं काय?

चुंबकपट्टी
कोरडी क्लीनिंग कॅसेट म्हणजे बारीक पॉलिश पेपर. हेड साफ होईल, झिजेलही. आधी हाताने.

पन्नासफील्ड
आवाजाचं मी सांगतो. चित्र पुढे आणि आवाज मागे, याचा अर्थ कॅप्चरमध्ये फ्रेम गळताहेत. पॅल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम. २५ गळल्या की चित्र एक सेकंद पुढे. आवाज कापून जुळवू नका, गळती ठिकठिकाणी असते, एकीकडे जुळवलं की दुसरीकडे सुटतं.

मूळ कारण असं की जुन्या पट्टीवरचे सिंक पल्स (ओळ आणि फ्रेम कुठे सुरू होते ते सांगणाऱ्या खुणा) हलतात आणि स्वस्त कार्डाला फ्रेम कुठे सुरू झाली तेच कळत नाही. मध्ये टीबीसी (टाइम बेस करेक्टर, या खुणा पुन्हा जागेवर आणणारं यंत्र) लागतो. तो महाग, लाइन-इन असलेला जुना डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडून बघा, रेकॉर्ड न करता नुसता आत-बाहेर. पॅनासॉनिक डीएमआर-ईएस१० याच कामासाठी लोक शोधतात. सगळेच रेकॉर्डर सिग्नल सुधारत नाहीत.

कार्ड थेट संगणकाच्या पोर्टमध्ये, हबमधून नाही. ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेममध्ये एकाआड एक ओळींची दोन अर्धी चित्रं) तसंच राहू द्या, आवाज ४८ किलोहर्ट्झ. व्हर्च्युअलडब या कॅप्चरच्या प्रोग्रॅममध्ये हफवाययूव्ही हा दर्जा न घटवणारा कोडेक घेतलात तर तासाला साधारण ३० जीबी धरा. चालू असताना गळलेल्या फ्रेमचा आकडा बघत राहा. एक-दोन ठीक, सतत वाढत असेल तर थांबवा. डीइंटरलेस नंतर करा, प्रत्येक अर्ध्या चित्राची एक पूर्ण फ्रेम करून सेकंदाला ५० फ्रेम ठेवून, नाहीतर हालचाल तुटक दिसते. तळाशी काही ओळी फाटलेल्या दिसतील, तिथे एका हेडकडून दुसऱ्या हेडकडे वाचन जातं, तो बिघाड नाही. ट्रॅकिंग फिरवून जाणार नाही, शेवटी काळी पट्टी टाकून झाका.

आणि १४ पैकी एखादी अमेरिकेहून नातेवाइकांनी पाठवलेली असेल तर ती एनटीएससी असणार. तिच्यासाठी ४८० ओळी आणि २९.९७ फ्रेम, आणि व्हीसीआरलाही ती पद्धत चालायला हवी.