मदत हवी आहे : पिण्याच्या पाण्यातील सूक्ष्म प्लास्टिक घरच्या घरी कसे कमी करावे?

नागपुरात आमच्या ले-आउटमध्ये बोअरवेलचे पाणी अतिशय जड (क्षारयुक्त) असल्यामुळे पिण्यासाठी आम्ही वीस लिटरच्या प्लास्टिकच्या कॅन घेतो. मे महिन्यात त्या मालवाहू ऑटोत तासन्‌तास उन्हात असतात आणि घरी येईपर्यंत हाताला गरम लागतात. वडिलांच्या मानेच्या धमनीत अडथळा आहे. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतील अभ्यासात अशा २५७ रुग्णांपैकी १५० जणांच्या धमनीतील थरात पॉलिइथिलीन या प्लास्टिकचे सूक्ष्म कण आढळले आणि त्यांच्यात हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूचे प्रमाण सुमारे साडेचार पट होते. यातून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मला मान्य आहे. तरीही टाळता येईल तेवढे टाळावे असे वाटते.

डॉक्टरांच्या मते रक्तातील असे कण मोजणारी नेहमीची तपासणी उपलब्ध नाही. येथील एका प्रयोगशाळेत फक्त क्षार आणि जंतू तपासतात. घर भाड्याचे असल्याने नळजोडणीत बदल करता येत नाही, त्यामुळे आरओ बसवण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

जड पाणी पाच मिनिटे उकळल्यास चुन्याचा थर कणांभोवती जमतो आणि गाळल्यावर बरेचसे कण निघून जातात, असे चीनमधील प्रयोगात दिसले आहे. बोअरवेलचे पाणी उकळले की आमच्या पातेल्याच्या तळाशी तर पांढरी खरपुडीच साचते. मात्र आम्ही सुती कापडातून गाळल्यावरही पाण्यात बारीक पांढरी कणी तरंगताना दिसते. हे पाणी माठात भरण्यापूर्वी गाळण्यासाठी दुहेरी कापड पुरेल, की कॉफीचा कागदी फिल्टरच वापरावा लागेल?